‘दुखेल’ म्हणणाऱ्या डॉक्टरबाई

आमच्या शुक्रवार पेठेतल्या धर्मादाय दवाखान्यात एक डॉक्टरबाई होत्या. ‘काही दुखणार नाही हं’ असं त्यांनी कुणालाही, अगदी लहान मुलालाही, कधी सांगितलं नाही. सुई हातात घेतली की त्या आधी म्हणायच्या, ‘दुखेल. मुंगी चावल्यासारखं, मग जरा आग होईल, मग काही कळणार नाही.’ आणि नेमकं तसंच व्हायचं. विणकरांच्या बायकांना त्या हेच तेलुगूत सांगत, अक्कलकोटकडच्या माणसांना कन्नडमध्ये. गल्लीत त्यांचं नावच ‘दुखेल डॉक्टर’ पडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

गुरुवार हा त्यांचा कापाकापीचा वार. गळू, कुरूप, मांसात रुतलेलं नख, चरबीची गाठ, अशी छोटी कामं त्या तिथंच, भूल देऊन उरकायच्या. मोठ्या इस्पितळाचं नाव काढलं की गर्भगळीत होणारी माणसं इथं मात्र डबा घेऊन यायची. काम चालू असताना बाई रोग्याला गप्प बसू देत नसत. एकदा करमाळ्याकडची एक मेंढपाळ बाई आली होती. जड दागिन्यानं कानाची पाळी पार फाटून दोन झाली होती.

‘पुतणीचं लगीन हाय. असला कान घिऊन मांडवात कशी हुबी राहू?’ ती म्हणाली.

‘शिवून देते. पण लग्नात त्या कानात काही घालायचं न्हाय.’

‘मग शिवून उपेग काय?’

‘फोटोत फाटका दिसणार न्हाय, हा उपेग. आणि घालशील तर पुन्हा फाटेल, तेव्हा माझ्याकडं येऊ नको.’

‘लई कडक हाय की तुमी,’ ती बाई हसत म्हणाली. तोवर टाके घालून झालेही होते.

बाळांनो, तुमचे आजोबा त्यांच्याकडे गेले ते कुरूप काढायला. आजोबांची सगळी नोकरी होटगीकडच्या रेल्वेमार्गावर रूळ तपासत, खडीवरून चालत गेली. त्या खात्यातल्या प्रत्येकाच्या तळपायाला कुरूप असायचंच. गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि दाढीच्या पात्यानं ते तासायचं, ही त्यांची रीत. निवृत्तीनंतरही ती चालू होती. टाचेखाली एक काळा डाग होता, तोही ते असाच तासत. मी विचारलं की म्हणायचे, ‘खडी रुतली होती कधीतरी. साकळलेलं रक्त आहे.’ मग एकदा तो तासल्यावर चिघळला आणि बरा होईना, तेव्हा मी त्यांना गुरुवारी दवाखान्यात नेलं.

बाईंनी दिवा जवळ ओढला, भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि हातातलं पातं परत तबकात ठेवलं.

‘काका, हे मी कापणार नाही.’

‘एवढंसं तर आहे. गळवं फोडता ना तुम्ही?’

‘गळवाच्या आत काय आहे ते मला ठाऊक असतं. हे कुरूप नाही, साकळलेलं रक्तही नाही. मला कर्करोगाचा संशय आहे. मोठ्या इस्पितळात तुकडा काढून तपासायला हवा.’

दुसऱ्या कुणी आजोबांना बाहेर बसवून हे मला हळूच सांगितलं असतं. बाईंनी ज्याचा पाय, त्यालाच सांगितलं.

आजोबांनी चपला घातल्या. घरी येईपर्यंत ते एकच बोलले, ‘बाई घाबरट आहेत. होटगीला एकजण काढतो कुरूप, त्याच्याकडून काढून घेतो.’ मी खूप समजावलं. ते ऐकेनात.

संध्याकाळी बाई स्वतः आमच्या दारात. चहा घेतला, आणि आजोबांना म्हणाल्या, ‘काका, आपण असं करू. तुम्ही तपासून या. मी चुकले असेन तर गुरुवारी सगळ्या रोग्यांसमोर सांगा, या बाईला काही कळत नाही. मी बाकावर बसून ऐकून घेईन.’

आपलंच खरं ठरण्याची संधी आजोबा सोडतात थोडीच! दुसऱ्याच दिवशी ते तपासणीला गेले.

संशय खरा निघाला. पण रोग अजून टाचेतच होता, पुढे पसरला नव्हता. टाचेचा तो भाग काढला, मांडीची कातडी तिथं लावली. आजोबा जरा लंगडतात ते तेव्हापासून. हिंडूफिरू लागल्यावर एका गुरुवारी ते काठी टेकत दवाखान्यात गेले आणि भरल्या बाकांसमोर उभे राहून म्हणाले, ‘ऐका. या बाईला कळतं.’

बाईंनी वरही पाहिलं नाही. ‘ते राहू द्या. आडवे व्हा, जांघेत गाठ आहे का बघू दे.’ हा रोग पुन्हा आला तर पहिल्यांदा तिथं दिसू शकतो, म्हणून पुढे दर थोड्या दिवसांनी त्या त्यांना बोलावून बोटांनी चाचपत. इस्पितळातली तपासणी होती ती वेगळी.

यंदा बाईंनी काम सोडलं. हाताला कंप सुटू लागला, तसं त्यांनी स्वतःच रोग्यांना सांगितलं, ‘माझा हात आता स्थिर राहत नाही. आजपासून तुम्हाला टाके मी घालणार नाही.’ त्या लेकीकडे राहायला निघाल्या. भेटायला गेलो तर आजोबा रुसल्या मुलासारखे म्हणाले, ‘आता माझी जांघ कोण बघणार?’

‘या बघतील,’ म्हणत बाईंनी माझी बोटं आपल्या हातात घेतली. कुठं दाबायचं, किती दाबायचं, वाटाण्याएवढं काही लागलं तर काय करायचं, सगळं माझ्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेतलं. त्यांचा हात थरथरत होता. माझी बोटं मात्र त्या अचूक जागी नेत होत्या.

तेव्हा बाळांनो, रविवारी सकाळी तुमचा फोन येतो आणि कुणी उचलत नाही, तेव्हा आजोबा पलंगावर आडवे असतात आणि मी चाचपत असते. फोन वाजत राहतो. मी घाई करत नाही. दोन्ही बाजू नीट बघून झाल्या की हात धुते, आणि मग तुम्हाला फोन लावते.