सुताच्या पेटीले बक्षीस

बक्षिसाचं पहिल्यांदा कानावर आलं तवा मी पोरीले पाजून राहिली होती अन् दारात एक साहेब उभा. मी पदर ओढला, पोरगी रडली, माह्या जिवाचं पानी झालं, म्हटलं का बापा, आता जप्ती आली काय! साहेब म्हणे, "घाबरू नका बाई, पेटी पाहाले आलो."

शहरातली एक सहकारी बँक हे बक्षीस देते. पैशाच्या कारभारात, अर्थकारणात ज्यानं काही नवीन काढलं त्याले. मोठमोठे शिकलेले लोक त्याच्यासाठी अर्ज करतात म्हणे. आम्ही कायचा अर्ज करतो! कोणीतरी साहेबाले सांगतलं होतं का विणकरांच्या वस्तीत बाया पैशाच्या जागी सूत जमा करतात.

ते असं झालं. मी पोटुशी होती तवा शेठनं सूत देणं बंद केलं. नऊवारीले उठाव नाही म्हणे. सूत नाही तं माग थांबला, माग थांबला तं चूल थांबली. पोरीचा बाप मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसताच बसून राहे. अन् मले दिवस भरत आलेले. तवा माह्या डोक्यात आलं का लुगडं पुरं झालं म्हणजे दर घरी कांड्यांवर, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळ्यांवर, थोडं थोडं सूत उरते, अन् आम्ही बाया ते विकून बांगड्या भरतो. मी शेजारणीले म्हटलं, "ते सगळं एका जागी ठेवलं तं वं?"

ती म्हणे, "अन् बांगड्या?"

"मागच थांबला तं बांगड्या कोणाले वाजवून दाखवशील?"

माह्या लग्नात आलेली पत्र्याची पेटी ओसरीत ठेवली. बाजाराच्या दिवशी जिचं जे उरलं ते तिनं आणून टाकायचं. जिच्या घरचा माग थांबला तिनं न्यायचं, लुगडं विकलं का तेवढं परत आणायचं, वरून एक कांडी जास्तीची. अन् पेटी कधीच रिकामी करायची नाही. हे काही मी डोक्यातून नाही काढलं. आमच्याइथं लुगडं मागावरून कापलं तरी शेवटचे धागे मागाच्या दातेरी फणीतच राहू देतात. नवा ताणा, म्हणजे उभे धागे, आले का त्याचा एकेक धागा जुन्या टोकाले पिळून जोडतात. फणी रिकामी झाली तं सगळं पहिल्यापासून ओवा लागते. पेटीचंही तसंच. थोडं तरी राहिलं पाह्यजे, म्हणजे पुढचं त्याले जोडता येते.

साहेबानं सगळं ऐकलं, पोरीच्या गालाले हात लावला अन् गेला. मग निरोप आला का बक्षीस आम्हाले भेटलं, सीताबर्डीच्या हॉलमध्ये यायचं, पेटी सोबत आणायची.

त्याच संध्याकाळी विणकर सोसायटीचे अध्यक्ष घरी आले. नात्यानं सासऱ्याच्या जागी, मी त्यांले मामाजी म्हणते. खाटेवर बसले, चहा पेले, म्हणे, "सूनबाई, बक्षीस मी घेईन. तुमची काही नोंदणी नाही, कागद नाही. बक्षीस सोसायटीच्या नावानं घेऊ, अन् मग पेटी सोसायटीच्या हापिसात राहीन. कुलुपात."

मी दाराआड उभी. म्हटलं, "मामाजी, कुलूप लावलं तं बाया सूत काढतीन कशा?"

"अर्ज करतीन. मीटिंग होईन. मंजूर झालं का भेटन."

माह्या छातीत धडधड सुरू झाली. बाळंतपणापासून मले असाच दम लागते, घाबरलं का श्वास पुरत नाही. मीटिंग होईपर्यंत चूल थोडी थांबते! पण मी मान खाली घालून कपबशी उचलली. ते गेल्यावर आत्याबाई, म्हणजे माही सासू, चरखा थांबवून म्हणे, "का वं, मुकी झाली काय? पेटी तुही होती ना?"

"त्यांच्यापुढं कशी बोलू?"

"मग जाऊ दे. तेही नेतीन, उद्या तुह्या लग्नातली भांडीही नेतीन."

मी रडली. मग डोळे पुसले अन् म्हटलं, "आत्याबाई, मी जाते. स्टेजवर मीच जाते."

"सातवीत शाळा सुटली तुही. बोलशील काय?"

"ठाऊक नाही. पण जाते."

ती म्हणे, "दम लागला तं थांबजो. कांडी भरताना सूत तुटलं तं काय करतो आपण? थांबतो, पिळतो, पुढं जातो. लोकाइले हसू दे."

त्या दिवशी आम्ही सगळ्या बाया घरची लुगडी नेसून निघालो. पेटी रिक्षात, तिच्यावर शेजारीण बसलेली. हॉल भरला होता, पंखे फिरून राहिले होते, पुढं सूटबूटवाले. आमच्या बाया मागच्या खुर्च्यांवर, मामाजी पुढच्या रांगेत, टोपी घालून. पेटी दोन माणसांनी स्टेजवर नेऊन ठेवली.

माईकवर नाव पुकारलं सोसायटीच्या अध्यक्षाचं. म्हणजे मामाजी आधीच बँकेत सांगून आले होते. ते उठले. अन् मी पण उठली. पोरगी कडेवर, पायऱ्या चढता चढता दम लागला. मामाजी दाताखाली म्हणे, "सूनबाई, खाली जाय."

म्हटलं, "नाही जात, मामाजी."

साहेबानं मले ओळखलं. म्हणे, "बाई, पेटी उघडून दाखवा सगळ्यांले."

मी झाकण उघडलं. पेटी रिकामी. चकचकीत, घासलेली, खोबऱ्याच्या तेलाचा वास. मागून शेजारीण वरडली, "अवं माय! मोठ्या लोकांपुढं न्यायची म्हणून धुतली मी! सूत टोपल्यात राहिलं घरी!"

हॉलभर हशा पिकला. मामाजी माईकजवळ सरकले, म्हणे, "पाहा साहेब, म्हणूनच मी म्हणतो, हे काम बायांचं नाही. पेटी हापिसातच ठेवा लागीन."

मले श्वासच घेता येईना. पोरीनं माह्या पदराच्या दशा मुठीत धरून ओढल्या, तिची तशी सवयच आहे, अन् त्या पदराकडं पाहून मले सुचलं. घरच्या मागावरचं लुगडं. पदराले दशा राहतात, विणायचे राहिलेले धागे. मी एक धागा उपटला अन् पेटीत टाकला. मग थांबली. मग श्वास आला. माईक कुठं असते ते ठाऊक नव्हतं, मोठ्यानंच बोलली, "पेटी रिकामी नाही साहेब. रिकामी करायची नाही असा आमचा नियम आहे."

मग शेजारीण आली, रडत, आपल्या पदराचा धागा तोडत. तिच्यामागं दुसरी. मग साऱ्याच. सूटवाले मान वळवून पाहून राहिले का ह्या बाया करतात काय. अन् शेवटी मामाजींची घरवाली उठली. मामाजी खालच्या आवाजात म्हणे, "तू काहून?" ती म्हणे, "मागच्या थंडीत आपला माग कोणाच्या सुतावर चालला? तुम्हाले सांगतलं नव्हतं, एवढंच." अन् तिनं धागा टाकला.

आता मले बोलता आलं. दम लागे, थांबे, पुढं बोले. सांगतलं का पेटी ओसरीतच राहीन, कुलूप लागणार नाही, अर्ज नाही, मीटिंग नाही. बक्षीस त्याच्यासाठी देत असान तं द्या, नाही तं आम्ही पेटी घेऊन चाललो घरी. एवढं बोलली अन् पोरीनं माईकची तार ओढली. घर्र आवाज झाला, सगळे हसले, साहेबही. त्यानं बक्षिसाची ढाल माह्यापुढं धरली. हात रिकामा नव्हता म्हणून मी ती पेटीतच ठेवली, धाग्यांवर.

परत येताना मामाजींनी पेटी स्वतः रिक्षात चढवली.

आता पोरगी चालाले लागली आहे, पेटीले धरून उभी राहते. परवा मामाजी ओसरीत आले, टोपी हातात, इकडं तिकडं पाहत. म्हणे, "सूनबाई, शेठनं हात वर केले. माग थांबला. सूत भेटन काय?"

माही छाती आताही धडधडली. पण म्हटलं, "भेटन ना मामाजी. घरच्या बाईले पाठवा. पेटी बायाच उघडतात."

ते गेले. थोड्या वेळानं ती आली, हसत हसत, रिकामं टोपलं कमरेवर घेऊन.