'बघतो' म्हणालो तेव्हा

परदेशात चाललेला माल नक्की कुठल्या देशाचा, हे कागदांवरून ठरवायचं, एवढंच माझं काम. बंगळूरला व्हाइटफील्डमध्ये आठव्या मजल्यावर बसून अकरा वर्षं तेच करतोय. आमचा ग्राहक दूरच्या श्रीमंत देशातला, कपडे विकणारा. ज्या देशाचा माल, त्याच्याशी ग्राहकाच्या देशाचा मुक्त व्यापाराचा करार असला आणि माल नियमात बसला, तर जकात माफ. जे. पी. नगरहून दीड-दोन तास धक्के खात जायचं ते यासाठी. कंटाळा आलाय, खोटं कशाला बोलू.

त्यात मागच्या वर्षी आफ्रिकेतल्या एका चिमुकल्या देशातल्या बाईची फाइल माझ्या वाट्याला आली. शर्ट शिवायचा तिचा छोटा कारखाना, हाताखाली चाळीसेक बायका. तिच्या देशाने एकामागून एक करार केले होते. पहिल्या कराराने बाहेरचं स्वस्त कापड असं काही आत आलं, की देशातली एकुलती एक गिरणी बंद पडली. मग बाईही तेच बाहेरचं कापड घ्यायला लागली, करणार काय? आणि आमच्या ग्राहकाच्या देशाशी झालेल्या दुसऱ्या करारात लिहिलेलं, की शर्टाला जकातमाफी हवी तर कापडही तिच्याच देशात विणलेलं पाहिजे. एका कराराने गिरणी खाल्ली आणि दुसरा त्याच गिरणीचं कापड मागत बसलाय. माझं डोकंच फिरलं. पण माझ्या डोक्याला विचारतो कोण?

व्हिडिओ कॉलवर बाईने सरळ विचारलं, ''काही करता येईल का? जकात लागली तर तुमचा ग्राहक ऑर्डर काढून घेईल. मग मला कारखाना बंदच करावा लागेल.''

करण्यासारखं काही नव्हतं, आणि हे मला त्याच क्षणी माहीत होतं. पण समोरच्याच्या तोंडावर 'नाही' म्हणायची सवय आपल्याला कुठे असते? मी म्हणालो, ''आय विल सी.''

बघतो. आता मराठी माणसाला 'बघतो'चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भाच्याच्या नोकरीसाठी कुणाकडे शब्द टाकला आणि तो 'बघतो' म्हणाला, की आपण चहा संपवून उठतो. इथले आमचे घरमालक अण्णा भिंतींच्या रंगाचा विषय काढला की 'नोडोणा' म्हणतात. बघू या. मी 'सरी', म्हणजे ठीक आहे, म्हणून जिना उतरतो. ना त्यांना वाईट वाटतं, ना मला. त्या बाईला हे कोण सांगणार होतं?

दीड महिन्याने तिचा पुन्हा कॉल आला. आवाजात राग अजिबात नव्हता. ''तुम्ही बघणार होतात,'' ती म्हणाली. ''काय दिसलं?''

मी नियमाचं कलम उघडून वाचायला लागलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने सांगितलं, की मधल्या काळात शेजारच्या देशातल्या मोठ्या कारखान्याची माणसं कामाला बायका न्यायला आली होती. तिच्याकडची एकही गेली नाही. बंगळूरचा माणूस बघतोय, थोडं थांबा, असं तिनेच त्यांना सांगितलं होतं. आता तिकडची भरती संपली होती.

मला स्वतःची लाज वाटली. करार काही मी केला नव्हता, नियमही माझे नव्हते. पण हे दीड महिने माझे होते. मी 'सॉरी' म्हणून पुन्हा कलमाकडे वळलो, तर तिने थांबवलं.

''मला समजलं,'' ती म्हणाली. ''पण मी त्यांना तुमचं नाव सांगून थांबवलंय. तुम्हीच सांगा.''

तिने लॅपटॉप फिरवला. मशिनी बंद करून बायका उभ्या होत्या. काहींच्या गळ्यात अजून मापाच्या टेपा होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणालो, ''नो.''

बाईला ते त्यांच्या भाषेत सांगावं लागलं नाही.