मागच्या रांगेतला दुभाषी

आमच्या समूहगान मंडळातले चौघे जमले, की चहा उकळायच्या आत हंगेरीचे किस्से निघतात. दर वर्षी त्यात एखादा वाढतो, आणि प्रत्येकात फजिती माझीच!

ऐंशी-ब्याऐंशीचा काळ. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी कारकून. तिथल्या वसाहतीत संगीत शिकवणाऱ्या साळवेबाईंनी हे मंडळ उभं केलं होतं. हंगेरीतल्या एका गावाचं आमंत्रण आलं. माझा आवाज म्हणजे फुटका भोंगा, पण इंग्रजी येणारा मी एकटाच. बाईंनी मला दुभाषी म्हणून घेतलं आणि बजावलं, "मागच्या रांगेत उभं राहायचं. फक्त ओठ हलवायचे. आवाज निघाला तर नाव कायमचं कट!"

मंडळ म्हणजे माझा जीव. मी शपथच घेतली.

*

तिथे पोचताच गावाचं माहितीपत्रक हातात पडलं. कोणीतरी हंगेरियनचं इंग्रजी केलेलं, त्याचं मी मराठी केलं: "आमच्या चर्चमध्ये मृतांना रोज दहा ते पाच भेटता येईल. सोमवारी ते विश्रांती घेतात."

आमचे ढोलकीवाले बागूलमामा म्हणाले, "मेल्यावर बी साप्ताहिक सुट्टी हाय? आपल्या युनियनला कळवा की राव!"

*

हॉटेलचं पत्रक त्याच्याही पुढचं. मी ठणकावून वाचलं, "नाश्त्याला पाहुण्यांनी आपापली अंडी स्वतः घालावीत."

आमच्या सिंधूताई तडक किचनमध्ये गेल्या आणि मराठीतच म्हणाल्या, "आम्ही चिवडा आणलाय. तो चालेल का?"

*

त्यांच्या पत्रकांना खदाखदा हसलो खरा, पण आमच्या मंडळाचं इंग्रजी पत्रक लिहिलं होतं मीच! दुभाष्याचं महत्त्व कळावं म्हणून स्वतःबद्दल ठोकून दिलं होतं, "यांच्याशिवाय मंडळ तोंड उघडू शकत नाही."

कार्यक्रम संपला आणि यजमानांनी माझं नाव पुकारलं. आता मुख्य गायकाचं एकट्याचं गाणं!

बाई दात आवळून म्हणाल्या, "लिहिलंत ना? जा आता. पण शपथ लक्षात ठेवा!"

मी पुढे जाऊन उभा राहिलो. पेटी सुरू झाली आणि सवयीनं मी तेच केलं. तीन मिनिटं नुसते ओठ हलवले!

पेटी थांबली. मग सगळे उभे राहिले, टाळ्यांचा कडकडाट. पहिल्या रांगेतल्या एक आजी तर डोळे पुसत होत्या.

*

सहा महिन्यांनी तिकडून पत्र आलं. पुन्हा आमंत्रण. फक्त मला, एकट्याला! ते मंडळाला मराठीत वाचून दाखवायचं काम अर्थात माझ्याचकडे आलं. सगळे आशेनं बघत होते. मी घसा खाकरला.

"सर्वांना नमस्कार. इकडे थंडी फार आहे."

बाईंनी चष्मा वर केला. "एवढंच? चांगलं दोन पानी पत्र आहे."

"थंडी फारच आहे हो, बाई!"