बाईंच्या ओटीतला खण

राजघराण्यांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की हिने मनात अढी धरून लिहिलं. अढी धरूनच लिहिते आहे. फक्त ती एका राजघराण्यातल्या बाईबद्दल थोडी आहे आणि न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाबद्दल पुष्कळ.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना माझा नवरा कोसळला तो उठलाच नाही. चाळिशीही गाठली नव्हती त्याने. मुलगी दुसरीत होती, मी एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करत होते. मंडळाने तेव्हा खूप केलं, हे मी नाकारत नाही. आळीपाळीने डबे आले, मुलीला शाळेतून आणायला कुणी ना कुणी असायचं. मला वाटलं, आपली माणसं आहेत.

पुढच्या संक्रांतीला अध्यक्षीणबाईंचा फोन आला. आमचे अध्यक्ष हृदयरोगाचे डॉक्टर. आमच्यात सगळ्यांत आधी अमेरिकेत आलेले आणि सगळ्यांत मोठं घर असलेले, म्हणून दरवर्षी तेच अध्यक्ष. अध्यक्षीणबाईंना आम्ही वहिनी म्हणायचो. त्या फोनवर म्हणाल्या, "हळदीकुंकू आहे, पण तू आपली नुसती तिळगुळाला ये हं." त्या 'नुसती'चा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मी मुलीला परकर-पोलका घालून घेऊन गेले.

त्यांच्या पांढऱ्या गालिच्यावर भिंतीला टेकून सगळ्या जणी ओळीत बसल्या होत्या. कांजीवरम अंगावर आणि थंडीमुळे पायांत मोजे. वहिनी कुयरी घेऊन एकेकीला हळदकुंकू लावत येत होत्या. माझ्या डावीकडच्या बाईला लावून झालं. मी मान थोडी पुढे केली. कुयरी माझ्यासमोरून सरळ उजवीकडे गेली आणि मुलीच्या कपाळावर कुंकू लागलं. माझ्या हातावर वहिनींनी तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "गोड बोल."

मुलगी मोठ्याने म्हणाली, "मॉम, यू डिडन्ट गेट वन." ओळीतल्या सगळ्या जणी एकदम मोजे बघायला लागल्या. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण मी हसले. तिळगूळ खाल्ला. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती, वहिनींच्या हातचं कुंकू. माझा देवाधर्मावर फारसा विश्वास नव्हता, नवरा असतानाही मी टिकली विसरून लॅबमध्ये जायची. पण ओळीत बसवून ओलांडलेलं मला सोसत नव्हतं.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला डॉक्टरांच्या हॉस्पिटलात नव्या इमारतीचं उद्घाटन होतं आणि त्यासाठी ही बाई येणार होती. जन्माने युरोपातली उमरावकन्या, लग्नाने ब्रिटिश राजघराण्यातली. डॉक्टरांनी कुठून कुठे सूत जुळवलं ठाऊक नाही, पण आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला अर्धा तास यायचं तिने कबूल केलं. मंडळ हुरळून गेलं. ज्यांचे वडील बेचाळीसच्या चळवळीच्या गप्पा मारून आम्हाला जेरीस आणायचे, ते लोक आरशासमोर उभं राहून 'युअर हायनेस' म्हणायचा सराव करायला लागले.

तिचा परिचय लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं इंग्रजी चांगलं आणि संध्याकाळ मोकळी, असं वहिनी म्हणाल्या. विधवेच्या संध्याकाळी मोकळ्या असतात अशी लोकांची समजूत का असते कोण जाणे. मी लायब्ररीत जाऊन जुनी मासिकं काढली.

बाई मध्य युरोपातली. लहानपणी टेकडीवरचं दगडी घर, घोडे, फ्रेंच शिकवायला घरी बाई. मग युद्ध आलं आणि घर गेलं, जमीन गेली. आईच्या मागोमाग या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे राहिली. मोठ्या आडनावापलीकडे काही उरलं नव्हतं. ते आडनाव लंडनमधल्या कुठल्याशा मेजवानीत उपयोगी पडलं, आणि राजाच्या दूरच्या एका चुलतभावाने तिला मागणी घातली. लग्नासाठी तिने देश बदलला, चर्च बदललं, बोलणं बदललं. तरी तिच्या उच्चारांची टिंगल तिथल्या पेपरांनी जन्मभर केली. ती रिबिनी कापत राहिली. कुणी कात्री पुढे केली की कापायची, हा तिचा संसार. फोटोंमध्ये ती सगळीकडे एकसारखी हसत होती.

हे वाचून मला तिची कणव यायला हवी होती. आली नाही. सासुरवास असेल, पण दिमतीला माणसं होती. आणि शेवटच्या मासिकात शेवटी एक ओळ होती, की काही वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला. ती ओळ मी दोनदा वाचली.

डॉक्टरांच्या बेसमेंटमध्ये तयारीची बैठक झाली. पाच सवाष्णी बाईंना ओवाळणार, कुंकू लावणार आणि वहिनी ओटी भरणार, असं ठरत होतं. वहिनींनी पुण्याहून आणवलेला हिरवागार खण सगळ्यांच्या हातांतून फिरवला. "खास बाईंसाठी," असं प्रत्येकीला सांगितलं. तेवढ्यात सांगलीहून मुलाकडे राहायला आलेल्या एका सासूबाईंनी कोपऱ्यातून विचारलं, "बाईंचे यजमान काय करतात?"

"वारले," मी म्हणाले.

खण फिरायचा थांबला. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, मग ओटी कशी भरणार?"

वहिनींना सावरायला क्षणभरच लागला. "त्यांच्यात नसतं हो तसलं काही. शिवाय रॉयल फॅमिली आहे. आपण कॅन्सल केलं तर इन्सल्ट होईल त्यांचा."

"आणि माझं काय, वहिनी?" मी विचारलं. "संक्रांतीला माझा इन्सल्ट नाही झाला?"

वहिनी उठून माझ्याजवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "तुझी गोष्ट वेगळी गं. तू आपल्यातली आहेस."

मला त्यांचा तो हात झटकून टाकावासा वाटला. त्यांना खरंच वाटत होतं की त्या मला जवळ घेताहेत. परक्या विधवेला कुंकू चालतं आणि आपल्यातलीला चालत नाही, हे त्यांच्या डोक्यात इतकं सरळ बसलेलं होतं की वाद कुठून सुरू करावा ते मला कळेना.

बाईंना हॉटेलातून आणायचं आणि पोचवायचं काम माझ्याकडे आलं. बाकी सगळ्या जणी स्टेजवर लागणार होत्या, मी कुठेच लागणार नव्हते. एवढी राजघराण्यातली, पण इतकी लांबची की बरोबर पोलीस वगैरे कुणी नव्हतं. एक सेक्रेटरी होती, ती सर्दीने हॉटेलातच झोपून राहिली. बाई आमच्या जुन्या स्टेशन वॅगनमध्ये पुढच्या सीटवर बसली. साठीची, उंच, करडा कोट आणि मोठी चामड्याची पर्स.

"तुमचे यजमान भेटतील का तिथे?" तिने विचारलं.

"ते वारले."

"माझेही." ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. मग आपणहून म्हणाली, "पहिल्या वर्षी मला जेवणाची बोलावणी येईनाशी झाली. आमच्याकडे टेबलावर जोड्या बसवतात. एकटी बाई आली की मांडणी बिघडते."

मी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "मग तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. दुसऱ्या वर्षी बोलावलं. गेले. जेवण वाईट होतं."

मला हसू आलं. तीही हसली, आणि ते फोटोतलं हसू नव्हतं. हायस्कूलच्या पार्किंगमध्ये गाडी लावेपर्यंत मला ती आवडायला लागली होती. तिथेच माझं चुकलं.

शाळेत निरांजन लावायला परवानगी नव्हती. म्हणून नाताळात खिडकीत ठेवतात त्या बॅटरीच्या मेणबत्त्या तबकात घेऊन पाच जणी उभ्या होत्या. बाईंना पाटावर बसवलं. मला दुभाषी म्हणून त्यांच्या मागे उभं केलं होतं. वहिनी कुयरी घेऊन पुढे आल्या तशी बाई मान वळवून मला हळूच म्हणाली, "हे लाल कशासाठी?"

"नवरा जिवंत असलेल्या बायकांना लावतात," मी सांगितलं.

तिने माझ्या रिकाम्या कपाळाकडे पाहिलं. मग वहिनींच्या कपाळाकडे. सगळं समजलं तिला, माझी खात्री आहे. मला वाटलं, आता ही हात वर करेल, निदान काहीतरी बोलेल. तिने फोटोतलं हसू चेहऱ्यावर आणलं आणि कपाळ पुढे केलं. जन्मभर दुसऱ्यांच्या रीती पाळायची सवय, आणखी एक पाळली. वहिनींनी चांगलं ठसठशीत कुंकू लावलं आणि हॉलभर टाळ्या झाल्या.

मग ओटी. बाईंना पदर नाही. वहिनी तांदळाची ओंजळ घेऊन गोंधळल्या. बाईने चटकन पर्स उघडून पुढे धरली. वहिनींनी पर्समध्ये तांदूळ घातले, सुपारी घातली, हळकुंड घातलं, वर खण कोंबला. नारळ मावेना, तो बाईने कडेवर घेतला. सांगलीच्या सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या सबंध संध्याकाळी मला शहाणं वाटलेलं माणूस त्या एकट्याच.

परत जाताना गाडी रस्त्याला लागायच्या आत बाईने समोरच्या झडपेवरचा आरसा खाली ओढला, माझ्या टिश्यूच्या खोक्यातून टिश्यू घेतला आणि कुंकू पुसलं. कपाळावर गुलाबी डाग राहिला, तो थुंकी लावून घासला. मग पर्स उलटी करून खिडकीबाहेर तांदूळ झटकले. निम्मे वाऱ्याने आत आले आणि सीटच्या फटीत गेले.

"हे तुम्हीच ठेवा," ती खण आणि नारळ पुढे करत म्हणाली. "उद्या विमानात मी कुठे नेऊ?"

"तुमची ओटी आहे ती," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाला देत नाहीत."

"मग तुम्ही घ्यायला अधिक योग्य आहात. तुम्हाला त्याचा अर्थ कळतो." हॉटेलच्या दारात गाडी थांबली. दरवाजा उघडणाऱ्या माणसाला तिने जे हसू दिलं तेच मला दिलं आणि गेली. तिच्या आयुष्यात मी पाचेक मैल होते. मला राग आला तो तिने कुंकू पुसल्याचा नव्हता. पुसायचंच होतं, तर लावून कशाला घेतलं?

नारळाच्या वड्या करून मी लॅबमधल्या अमेरिकनांना खायला घातल्या. खण महिनाभर कपाटात पडून होता. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मशीन काढलं आणि त्याचा ब्लाउज शिवला. शिवता येतं मला, बाह्यांना काठ बरोबर बसला.

जानेवारीत वहिनींचा फोन आला. "नुसती तिळगुळाला ये हं."

मी काळी चंद्रकळा नेसले, वर तो हिरवा ब्लाउज. मुलगी आता चौथीत होती, परकर-पोलका घट्ट होतो म्हणून कुरकुरत होती. तोच गालिचा, तेच मोजे. मी ओळीच्या बरोबर मध्ये जाऊन बसले. अर्ध्या जणींनी खण लगेच ओळखला, कारण तो त्यांच्या हातांतून फिरला होता. कुजबुज माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे गेली.

वहिनी कुयरी घेऊन माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांची नजर बाहीवर अडकली.

"हा खण कुठला गं?"

"तुम्ही दिलेला. ओटीतला."

"ती ओटी तर बाईंची होती."

"बाईंनी मला दिली. तुम्ही भरलीत, त्यांनी घेतली, माझ्याकडे आली. आता तिच्यावर कुंकू लावायचं राहिलंय तेवढं." मी मान पुढे केली नाही. ताठ बसून राहिले. "की तुम्ही विधवेची ओटी भरली नव्हतीत?"

माझं बोलणं खोटं ठरवायचं तर स्टेजवर जे केलं ते चुकलं म्हणावं लागणार होतं, आणि बाईंना कुंकू लावतानाचा फोटो तर त्यांच्या दिवाणखान्यात चांदीच्या फ्रेममध्ये लावलेला होता, माझ्या डोक्याच्या अगदी वर. वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी बोट कुयरीत बुडवलं आणि माझ्या कपाळाला लावलं. बोटावर जास्तच आलेलं कुंकू नाकावर सांडलं. मी तिळगूळ घेतला. "गोड बोल" त्या म्हणाल्या नाहीत.

चहा न घेता मी निघाले. गाडीत बसले, मुलीचा पट्टा लावला आणि आरसा खाली ओढला. कपाळावर लाल, नाकावर लाल. वर्षभर जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते माझ्या कपाळावर मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं दिसत होतं. मी टिश्यू घेतला आणि पुसायला लागले.

"मॉम, व्हाय आर यू वायपिंग इट?" मुलगी बघत होती. "यू वॉन्टेड इट."

सीटच्या फटीत अजून तांदूळ होते, हाताला टोचत होते. कपाळ स्वच्छ होईपर्यंत मी पुसत राहिले.

"हवं होतं," मी म्हणाले, "गेल्या वर्षी."