भविष्यकाळाचा धडा

दिवाळी सरली की माझ्या वर्गातली सतरंजी निम्मी रिकामी होते. ऊसतोडीला निघालेले आईबाप पोरांनाही सोबत नेतात. आणि पुस्तकात भविष्यकाळाचा धडा येतो तो नेमका दिवाळीनंतर. ज्यांना तो शिकवायची सगळ्यात जास्त गरज, तीच पोरं तेव्हा वर्गात नसतात. पुस्तक करणाऱ्यांना त्याचं काय!

यंदा चिडून मी तो धडा जूनमध्येच घेतला. म्हटलं, "मोठेपणी काय काय कराल, ते लिहा."

तिसरीतल्या सुनीतानं सगळ्यांच्या आधी पाटी पुढं केली. "मी उसाच्या मोळ्या बांधीन. मी मोळ्या ट्रॅक्टरवर चढवीन."

"बाई, बरोबर आलंय का?"

एकही चूक नव्हती. माझ्याच हातानं मी बरोबरची खूण केली.