माझ्या वहीतला देश

जगातल्या सगळ्या देशांची माहिती माझ्याकडे एका वहीत आहे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. माझी शाळा सातवीत सुटली, पण वाचायची खोड काही सुटली नाही. दिसेल त्या पुस्तकातून राजधानी, झेंडा, राजा आहे की राष्ट्रपती, असं सगळं उतरवून घेतलं. गल्लीतली चार पोरं स्कॉलरशिप पास झाली ती याच वहीवर. (त्यातली दोन आता आजोबा झालीत, पण ते असो.)

मागच्या वर्षी माझा मुलगा योगेश जेवताना म्हणाला, गुरुवारी ताश्कंदहून केळीचे एक मोठे व्यापारी मळा बघायला येताहेत. आमचा रावेरकडचा भाग, इथे केळीपुढे दुसरा विषय नाही. माल पसंत पडला तर आमची केळी कंटेनरने थेट परदेशात जाणार होती. पोरगा महिनाभर घडांना लेकरासारखा जपत होता. मला एवढंच म्हणाला, "माय, तू फक्त चहा दे."

फक्त चहा! घरात एवढी वही असताना?

ताश्कंद कुठे आहे हे आमच्या वयाच्या माणसाला वही न उघडताही माहीत असतं. रशियात. वहीत झेंड्याचं चित्रही होतं. तेवढ्यात सून मनीषा बाजारातून निळी आणि हिरवी रांगोळी घेऊन आली. मनीषा शहाद्याची, धुळे जिल्ह्यातली, पोरगी गुणाची. पण म्हणे मोबाईलवर त्यांचा झेंडा असा दिसतोय. मी तिला समजावलं की मोबाईलवर कोणीही काहीही टाकतं, आणि तिला लाल रंग आणायला परत पाठवलं.

गुरुवारी सकाळी अंगणात ही एवढी लाल रांगोळी, कोपऱ्यात पिवळा विळा-हातोडा. शेजारचे आबा काठी टेकत आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "काय वं अक्का, इलेक्शनले उभी राहू राह्यली का?" दुपारपर्यंत गल्लीत मला तीन जणांनी पाठिंबा दिला होता. एकाने तर स्मशानभूमीच्या रस्त्याचं काम तेवढं आधी घ्या म्हणून सांगितलं.

पाहुणे उतरले. साठीचे, धिप्पाड, पांढऱ्या मिशा. सोबत मुंबईचा दुभाषा. रांगोळीपाशी पाहुण्यांचा पाय थबकला. योगेशने रांगोळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा हिरव्या केळीसारखा झाला.

मला वाटलं, पाहुणे भारावले. सगळे ओसरीत बसल्यावर मी वही उघडली. राजधानी मॉस्को. पृथ्वीवरच्या जमिनीचा सहावा हिस्सा यांचा. घटक राज्यं पंधरा, पक्ष एक. दुभाष्याने पहिलं वाक्य सांगितलं, दुसऱ्याला त्याला खोकला आला, आणि तिसऱ्यापासून तो नुसताच चहा पीत राहिला.

पाहुणे हळू आवाजात काहीतरी बोलले.

दुभाषा म्हणाला, "ते म्हणताहेत, त्यांचा जन्म याच देशातला. पण हा देश बंद होऊन तीस वर्षं होऊन गेली. आता त्यांचा देश उझबेकिस्तान."

देश बंद होतो हे मला कोणी कळवलंच नव्हतं! योगेशने डोकं दोन्ही हातांत धरलं. त्याचा कंटेनर माझ्या डोळ्यांदेखत चालला होता. काहीतरी सावरावं म्हणून मी विषय बदलला. मनीषाला पुढे केलं आणि म्हटलं, ही आमची सून, माहेर शहादा, जिल्हा धुळे.

"नंदुरबार," मनीषा म्हणाली.

"धुळे," मी म्हणाले. पाहुण्यांसमोर चुकीची माहिती कशी जाऊ द्यायची?

"आई, नंदुरबार जिल्हा वेगळा होऊन जमाना झाला. माझ्या लग्नाच्याही आधी झाला. तुमच्या वहीत झाला नसेल."

लग्नाला पंधरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत व्याह्यांना पाठवलेल्या प्रत्येक पत्रिकेवर मी जिल्हा धुळे घातला होता, आणि त्या भल्या माणसांनी एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं.

दुभाष्याने हेही सांगून टाकलं. (हे मात्र न खोकता.) पाहुणे मांडीवर थाप मारून असे हसले की बशीतला चहा सांडला. म्हणाले, म्हणजे माझा देश गेला आणि या बाईंचा निम्मा जिल्हा गेला, आम्ही दोघे सारखेच. जाताना त्यांनी रांगोळीचा फोटो काढला, आईला दाखवायला. मग मळ्यात जाऊन केळी मोजली, दाबली, चाखली, आणि पसंत केली. योगेश सांगतो की केळी चांगली होती म्हणून. मी वाद घालत नाही.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी मनीषाला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "आपला जळगाव जिल्हा तरी आहे ना अजून?"

"आहे," ती म्हणाली. "फक्त वहीत लिहू नका."