सहाणेचा आवाज

सुमंतला एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. नोकरी धरली, सोडली, आणि चौतिसाव्या वर्षी जे. पी. नगरच्या घरात आईच्या साड्यांच्या कपाटात डोकं घालून तो गाणी गाऊ लागला. साड्यांमुळे आवाज घुमत नाही, हे त्याचं शास्त्र. गाणी तरी कसली? एक रिकाम्या गॅस सिलिंडरवर, एक चिकपेटच्या बाजारात हरवलेल्या छत्रीवर. सगळं जुन्या कॅसेट रेकॉर्डरवर धरायचं आणि खरखरीसकट इंटरनेटवर लोकांना ऐकवायचं. ऐकणारे दोनशे बारा.

"तांदळातले खडे आम्ही निवडून काढतो, तू मुद्दाम घालतोस," वडील नरसिंहराव, म्हणजे अण्णा, म्हणत.

अखेर इंदिरानगरातल्या एका छोट्या मैफलीवाल्यांनी नवं गाणं मागितलं. सहाव्या दिवशी सकाळी नऊच्या आत पाठवायचं. ते आवडलं तर बोलावणं, नाहीतर राम राम. गाणं तयार होतं, पण ठेका सापडत नव्हता. डबे बडवून झाले, उंबरा ठोकून झाला. पाच दिवस पोराच्या जिवाला चैन नव्हतं. मग आठवला सहाणेवर चंदन उगाळण्याचा ओलसर आवाज.

पण चंदन उगाळणार अण्णा, तेही मडीत, म्हणजे कडक सोवळ्यात.

"मशीन मडीला चालत नाही. सरी, झालं, विषय संपला," अण्णांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

तरी पहाटे सुमंतनं रेकॉर्डर समईमागे सरकवला आणि बटन दाबून बाहेर आला. द्वादशी होती. शहात्तर वर्षांचे, साखरेचा आजार असलेले अण्णा कालच्या एकादशीला पाणीही प्याले नव्हते. पूजा आटोपून पावणेसातच्या आत पारणं फेडायचं होतं.

उगाळणं सुरू झालं. रोज चार मिनिटांत संपणारं चंदन आज संपेना. सुमंत देवघराच्या दाराबाहेर घरातल्या चपलांनिशी येरझारा घालत मिनिटं मोजत होता. दहा. पंधरा. वा, काय लय! आत जाऊन थांबवावं तर ठेका जायचा.

"सुमंता, अगस्तीची भाजी गार झाली रे. आज ह्यांना काय झालंय?" आई पद्मावती स्वयंपाकघरातून काकुळतीला आली. "वेळ टळेल पारण्याची."

"स्वल्प थांब, आई."

तेवढ्यात आत तांब्या पडला. सुमंत मडीबिडी विसरून धावला. अण्णा भिंतीला टेकले होते, घामानं डबडबलेले. त्यानं त्यांना धरलं, आईनं साखरपाणी पाजलं. देवाला नैवेद्य नाही आणि अण्णांच्या तोंडात साखर, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं अण्णांनी डोळे उघडले. "मशीन दिसलं होतं रे मला. म्हटलं, तुला पुरेल एवढं उगाळावं. आलाय का आवाज? लाव बघू."

सुमंतनं कॅसेट मागं फिरवून लावली. चंदन कुठंतरी तळाशी घासत होतं आणि त्यावर त्याच्याच चपला, इकडून तिकडे, फटक फटक. सगळी टेप वाया गेली होती.

अण्णा कान देऊन ऐकत राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले.

"हा तू होय? माझ्यासाठी एवढा घाबरला होतास, अप्पा, लेकरा?"

सुमंतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ वाजले, वाजून गेले. त्यानं अण्णांचा चंदनानं माखलेला हात हातात घेतला, पण खरं काही त्याला सांगवलं नाही.